स्नायू, कंडरा आणि रिपोर्टातले शब्द : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी निवडलेल्या पत्रांची तक्रार बहुतेक एकच आहे. तपासणी झाली, कागद हातात आला, पण कागदावरचा शब्द आणि आपलं दुखणं यांचा मेळ बसत नाही. म्हणून शब्द नेमका कुठल्या भागाबद्दल बोलतो आणि त्यावरून पुढं काय करायचं, हे शक्य तितकं उलगडून सांगितलं आहे. पत्रावरून निदान होत नाही. तुमच्या डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे, एवढं मात्र यातून नक्की कळेल.

प्रश्न : माझं वय ५८ आहे. उजवा खांदा चार महिन्यांपासून दुखतो. वरच्या फळीवरचा डबा काढताना आणि रात्री त्या कुशीवर वळल्यावर जास्त. एमआरआयमध्ये ‘सुप्रास्पायनेटस टेंडिनोसिस, लो ग्रेड आर्टिक्युलर सरफेस पार्शियल थिकनेस टिअर, माइल्ड सबॲक्रोमियल बर्सायटिस’ असं आलंय. टिअर म्हणजे फाटलंय ना? मग ऑपरेशन करावंच लागेल का? मला मधुमेहही आहे. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : फाटलंय हे खरं. पण किती फाटलंय आणि कुठल्या बाजूनं, यावर सगळं ठरतं, आणि तुमच्या रिपोर्टात ते लिहिलेलं आहे.

सुप्रास्पायनेटस हा खांद्याच्या मागच्या त्रिकोणी हाडाच्या वरच्या खोबणीतला स्नायू. त्याची कंडरा, म्हणजे टेंडन, ॲक्रोमियन नावाच्या टोकाच्या हाडाखालून जाते आणि दंडाच्या हाडाला चिकटते. इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे त्याचे तीन सोबती. या चौघांच्या कंडरा मिळून रोटेटर कफ होतो. हात वर जाताना दंडाच्या हाडाचा गोळा सांध्याच्या वाटीच्या मध्यावर धरून ठेवणं हे कफचं मुख्य काम. ते ढिलं पडलं की गोळा थोडा वर सरकतो आणि हात साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान असताना सणक येते. डबा काढताना तुमचा हात नेमका तिथूनच जातो.

टेंडिनोसिस म्हणजे कंडरेच्या तंतूंची रचना विस्कटणं. निरोगी कंडरेत कोलॅजनचे तंतू सुतळीच्या पेडांसारखे एका दिशेला बसलेले असतात. इथं ते सैल होतात, मध्ये पाणी धरतं, नको तिथं बारीक रक्तवाहिन्या वाढतात. ‘आयटिस’ म्हणजे दाह. पण जुन्या दुखऱ्या कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दाहाच्या पेशी फारशा सापडत नाहीत, म्हणून हल्ली टेंडिनायटिसऐवजी टेंडिनोसिस किंवा टेंडिनोपॅथी लिहितात. दाह कमी करणाऱ्या गोळ्यांनी चार दिवस बरं का वाटतं आणि गोळी सुटली की दुखणं परत का येतं, याचं बरंचसं उत्तर इथंच आहे. विस्कटलेले तंतू गोळीनं सरळ होत नाहीत. मोजून दिलेल्या ताणानं हळूहळू होतात.

पार्शियल थिकनेस म्हणजे जाडीचा काही भागच गेलाय, आरपार भोक नाही. या कंडरेची जाडी साधारण १० ते १२ मिलिमीटर असते. तीन मिलिमीटरपेक्षा कमी खोल फाटलं तर पहिली श्रेणी, तीन ते सहा दुसरी आणि सहाच्या वर, म्हणजे निम्म्याहून अधिक जाडी गेली, तर तिसरी. लो ग्रेड म्हणजे साधारणपणे पहिल्या श्रेणीतलं. आर्टिक्युलर सरफेस म्हणजे सांध्याकडची, आतली बाजू. अशा अंशतः फाटीला किमान तीन महिने नीट व्यायाम केल्याशिवाय ऑपरेशनचा विचारही करायचा नसतो. साठीच्या आसपास काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या खांद्यातही असं फाटलेलं सापडतं, हेही ध्यानात असू द्या.

ज्या शब्दांवर थांबायला हवं ते वेगळे आहेत. ‘फुल थिकनेस टिअर’, त्यापुढं ‘रिट्रॅक्शन’, म्हणजे कंडरेचं टोक आत ओढलं जाणं, आणि ‘फॅटी इन्फिल्ट्रेशन’, म्हणजे स्नायूच्या जागी चरबी भरणं. चरबीची श्रेणी गुटालिएच्या पद्धतीनं ० ते ४ अशी देतात. तिसऱ्या श्रेणीत चरबी आणि स्नायू निम्मे निम्मे असतात, आणि तिथवर गेलेला स्नायू कंडरा शिवूनही पूर्ववत होत नाही. म्हणून पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात एकदम उचलेनासा झाला, तर महिनोन्‌महिने व्यायाम करत बसू नका, काही आठवड्यांच्या आत शल्यचिकित्सकाला दाखवा.

मधुमेहामुळं आणखी एक गोष्ट तपासून घ्या. कोपर अंगाला चिकटवून काटकोनात वाकवा आणि मनगट बाहेरच्या बाजूला फिरवा. तुम्हाला जमत नाही आणि दुसऱ्यानं हात धरून फिरवला तरीही फिरत नाही, असं असेल तर दोष एकट्या कंडरेचा नाही. सांध्याभोवतीचं आवरण आखडलंय, म्हणजे फ्रोजन शोल्डर सुरू झालाय. मधुमेह्यांत तो जास्त होतो, आणि त्याचा व्यायाम निराळा असतो.

व्यायाम असा. पहिले दोन आठवडे कोपर काटकोनात ठेवून मनगटाची मागची बाजू भिंतीवर मध्यम जोरानं दाबा. ३० ते ४५ सेकंद धरा, असं पाच वेळा, रोज. मग रबरी पट्टा घ्या. कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये गुंडाळलेला छोटा टॉवेल धरून मनगट बाहेर ओढा, १५ चे तीन संच, एक दिवसाआड. टॉवेल खाली पडला तर समजा की कोपर अंगापासून सुटतंय आणि काम भलताच स्नायू करतोय. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल. त्याहून जास्त दुखलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ठणका उरला, तर पट्टा हलका घ्या, व्यायाम थांबवू नका. या काळात उंच दोरीवर ओल्या चादरी टाकणं आणि दुचाकी मेन स्टँडवर चढवणं टाळा. झोपताना दुखऱ्या हाताखाली उशी घ्या.

स्टेरॉइडचं इंजेक्शन बर्साच्या, म्हणजे कंडरा आणि हाड यांच्यामधल्या द्रवाच्या पिशवीच्या, सुजेवर काही आठवडे चांगला उतार देतं, तेवढ्यात व्यायाम सुरू करता येतो. ते कंडरा सांधत नाही. एकाच खांद्यात पुन्हा पुन्हा घेतलं तर कंडरा उलट कमजोर होते. आणि तुमची साखर त्यानंतर काही दिवस चढी राहील, तेव्हा घरच्या ग्लुकोमीटरवर रोज पाहा आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच कळवा.

प्रश्न : एका कागदावर ‘स्ट्रेन’, दुसऱ्यावर ‘स्प्रेन’. वैद्य ‘स्नायू’ म्हणतात ते काही तरी तिसरंच वाटतं. एकदा नीट सांगाल का? – एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : स्नायू म्हणजे मसल, आकुंचन पावणारा भाग. तो हाडाला जिथं बांधला जातो ती कंडरा, टेंडन. हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध, लिगामेंट. स्नायू किंवा त्याच्या कंडरेला इजा झाली तर स्ट्रेन, अस्थिबंधाला झाली तर स्प्रेन. क्रिकेट खेळताना मांडीची मागची बाजू धरते तो स्ट्रेन, खड्ड्यात पाय मुरगळतो तो स्प्रेन. दोन्हींच्या तीन श्रेणी: थोडे तंतू ताणले गेले, बरेच तुटले, सगळे तुटले.

वैद्यांचा शब्द वेगळा वाटतो याला कारण आहे. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी, ९०० स्नायू आणि १६ कंडरा मोजल्या आहेत. तिथं आपल्या मसलला ‘पेशी’ म्हटलंय आणि ‘स्नायू’ हे बांधणाऱ्या तंतूंचं नाव आहे. त्यामुळं दोन्हीकडं उपचार घेत असाल तर शब्दावर विसंबू नका, दुखणाऱ्या जागेवर बोट ठेवून दाखवा.

रिपोर्ट वाचायला काही तुकडे पुरतात. ‘मायो’ स्नायूचा, ‘टेनो’ किंवा ‘टेंडो’ कंडरेचा. ‘आल्जिया’ म्हणजे नुसतं दुखणं, कारण सांगितलेलं नाही. मायाल्जिया हे निदान नव्हे, तक्रारीचं नाव आहे. ‘पॅथी’ म्हणजे बिघाड. ‘टॉमी’ छेद, ‘ऱ्हाफी’ शिवण, ‘डेसिस’ दुसरीकडं बांधून टाकणं. टेनोसायनोव्हायटिस म्हणजे कंडरेभोवतीच्या नळीसारख्या आवरणाची सूज.

एक शब्द मात्र हलक्यात घेऊ नका: एन्थेसायटिस. कंडरा हाडाला चिकटते त्या जागेचा दाह. तरुण माणसाला टाचेत एन्थेसायटिस असेल आणि जोडीला सकाळी उठल्यावर कंबर अर्ध्या तासाहून अधिक आखडलेली राहत असेल, हालचालीनं मोकळी होत असेल, किंवा अंगावर सोरायसिसचे चट्टे असतील, तर ते पळण्यामुळं झालेलं दुखणं नसावं. त्याला संधिवाततज्ज्ञाकडं जायला हवं.

प्रश्न : डिसेंबरच्या मॅरेथॉनसाठी तळजाईवर पळतो आणि आठवड्यातून दोनदा पर्वतीच्या पायऱ्या चढतो-उतरतो. टाचेच्या वरची शीर सकाळी पहिली दहा पावलं फार दुखते, मग सुटते. एक मित्र म्हणतो महिनाभर पूर्ण विश्रांती घे, दुसरा म्हणतो जोरात स्ट्रेचिंग कर. – वाचक, सहकारनगर

उत्तर : दोघांचंही ऐकू नका.

ही शीर नाही, अकिलीस टेंडन आहे. पोटरीचे गॅस्ट्रोक्नेमियस आणि सोलियस हे दोन स्नायू तिच्यावाटे टाचेला बांधलेले असतात. शरीरातली ही सगळ्यात जाड कंडरा, आणि पळताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. आधी जागा ठरवा. चिमटीत धरून टाचेच्या हाडापासून वर चाचपा. दोन ते सहा सेंटिमीटर वर दुखरी गाठ लागली तर मधल्या भागाची टेंडिनोपॅथी. अगदी हाडाला चिकटते तिथंच दुखत असेल तर इन्सर्शनल. इथं गल्लत झाली तर व्यायामच दुखणं वाढवतो.

पूर्ण विश्रांतीत दुखणं थांबतं, पण कंडरेची ताण सोसायची ताकदही उतरते. महिन्यानं पुन्हा तळजाई गाठलीत की दुखणं जागच्या जागी. जोराचं स्ट्रेचिंग इन्सर्शनल प्रकारात तर उघड नुकसान करतं, कारण पाऊल वर ओढलं की कंडरा टाचेच्या हाडावर दाबली जाते.

मधल्या भागासाठी स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम अजून वापरतात. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन संच, गुडघा थोडा वाकवून १५ चे तीन संच, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दिवसाला १८० वेळा, १२ आठवडे. वाकलेला गुडघा सोलियसला कामाला लावतो, तो भाग अनेकजण गाळतात. एवढं रोज जमत नसेल तर जिममध्ये जड वजन घेऊन आठवड्यातून तीनदा करा. वर जायला तीन सेकंद, खाली यायला तीन. सुरुवातीला १५ वेळाच उचलता येईल एवढं वजन, १२ आठवड्यांत सहाच वेळा उचलता येईल इतक्या वजनापर्यंत. दोन्हींचा गुण जवळपास सारखा येतो. जड व्यायामानंतर पहिला दीड दिवस कंडरेत मोडतोड जास्त चालते, बांधणी नंतर वरचढ होते. म्हणून मध्ये एक दिवस मोकळा हवाच.

इन्सर्शनल असेल तर पायरी नको. सपाट जमिनीवरूनच टाचा उचला, जमिनीच्या पातळीखाली सोडू नका. बुटात टाचेखाली साधारण एक सेंटिमीटरची गादी घाला.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या या तीन महिन्यांत बाजूला ठेवा. चढताना चवड्यावर जोर, उतरताना टाच कडेबाहेर, दोन्ही या कंडरेला महाग पडतं. सपाटीवर पळणं मात्र पूर्ण सोडायची गरज नाही. पळताना दहापैकी चारच्या वर दुखलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली पावलं आदल्या दिवसाहून वाईट नसतील, तर तेवढं अंतर चाललं. डिसेंबरपूर्वी बारा आठवडे हातात नसतील तर यंदा अर्धं अंतर पळा.

एक औषध विचारून घ्या. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन या गटातली प्रतिजैविकं कंडरा कमजोर करतात, क्वचित तुटतेही. साठीच्या वरच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गावर ती सर्रास लिहिली जातात. कंडरा आधीच दुखत असेल तर डॉक्टरांना ते सांगा, दुसरं औषध बहुतेक वेळा मिळतं.

आणि कधी पळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, ‘टक्’ असा आवाज आला, तर पालथे झोपा, पाय पलंगाबाहेर सोडा आणि कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल खाली हललं नाही तर कंडरा तुटली आहे. चालता येतंय, बोटं हलतायत म्हणून थांबू नका. पायाच्या बोटांचे स्नायू तेवढं काम भागवतात आणि त्यामुळंच तुटलेली कंडरा कित्येकदा लक्षात येत नाही. त्याच दिवशी दाखवलं तर पाऊल खाली वळवलेल्या स्थितीत बांधून, ऑपरेशनशिवायही अनेकांची जुळते.

प्रश्न : ढोल पथकात आहे. सराव सुरू होऊन तीन आठवडे झाले. टिपरू धरणाऱ्या हाताचं मनगट सुजलंय. फॅमिली डॉक्टर ‘डी कर्व्हेन’ म्हणाले, फिजिओ ‘इंटरसेक्शन सिंड्रोम’ म्हणाले. फरक काय? – वाचक, शनिवार पेठ

उत्तर : बोटभराच्या अंतराचा फरक आहे, पण इंजेक्शन कुठं द्यायचं ते त्यावरच ठरतं.

अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला जे हाड टोचतं, तिथं दुखत असेल तर डी कर्व्हेन. अंगठा बाजूला आणि वर नेणाऱ्या दोन कंडरा तिथल्या अरुंद बोगद्यातून जातात आणि बोगद्याचं आवरण जाड होतं. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी कर्व्हेन यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं. तान्ह्या बाळाला काखेत अंगठे घालून उचलणाऱ्या आयांना हे फार होतं. त्यांनी एक हात बाळाच्या बुडाखाली घालून उचलावं.

मनगटाच्या मागच्या बाजूला, सांध्यापासून तीन-चार बोटं वर दुखत असेल, तिथं सूज असेल आणि हात ठेवून मनगट हलवल्यावर करकर जाणवत असेल, तर इंटरसेक्शन. त्याच दोन अंगठ्याच्या कंडरा तिथं मनगट उचलणाऱ्या दोन कंडरांना ओलांडून जातात. मनगटाची तीच हालचाल शेकडो वेळा करणाऱ्यांना, नाव वल्हवणाऱ्यांना हे होतं. टिपरू मारणाऱ्या हातात तीन आठवड्यांत हेच व्हायची शक्यता जास्त वाटते, पण जागा तुम्हालाच चाचपून ठरवावी लागेल.

अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडं वाकवायची जी चाचणी करतात, तिला सगळे फिंकलस्टाइनची म्हणतात. खरं तर ती आयशॉफची. फिंकलस्टाइन यांच्या चाचणीत तपासणारा अंगठा धरून ओढतो. मुठीची चाचणी जोरात केली तर निरोगी माणसालाही दुखतं, तेव्हा घरी करून घाबरू नका.

दोन्हींत दोन ते चार आठवडे वादन बंद आणि अंगठा व मनगट दोन्ही धरणारा स्प्लिंट, म्हणजे ताठ आधारपट्टी. नुसता मनगटाचा पट्टा डी कर्व्हेनमध्ये निरुपयोगी, कारण अंगठा मोकळा राहतो. उतार नाही पडला तर बोगद्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, ते बऱ्याच जणांना पुरतं. काहींच्या बोगद्यात मध्ये पडदा असतो आणि औषध एकाच कप्प्यात जातं. इंजेक्शन वाया गेलं तर पुढचं सोनोग्राफीत बघून द्यायला सांगा. त्या जागेची कातडी पांढरट पडू शकते, हे आधी विचारून घ्या. परत वाजवायला लागाल तेव्हा पहिल्या आठवड्यात २०-२५ मिनिटं, तीही संथ हातावर. टिपरू घट्ट आवळून धरू नका आणि हात फक्त मनगटातून न मारता कोपरातून येऊ द्या. पथकप्रमुखांनी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात दोन-दोन तास उभं करू नये, हे आमचं कळकळीचं सांगणं.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा, कबड्डी खेळतो. मांडीवर गुडघा बसला, मांडी दगडासारखी झाली. घरी रोज तेल लावून रगडतो आहोत, शेकही देतो. दहा दिवस झाले, गुडघा आणखीच कमी वाकतोय. – पालक, भोसरी

उत्तर : रगडणं आणि शेक आजच बंद करा.

मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्स स्नायूत रक्त साकळलं आहे. त्यावर दाब, शेक आणि जबरदस्तीचा ताण दिला की पुन्हा रक्त येतं, आणि त्या जागी स्नायूत हाड तयार होऊ लागतं. त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. गुडघा दिवसागणिक कमी वाकणं हे त्याचंच लक्षण असू शकतं. तीन ते चार आठवड्यांनी एक्स-रेत ते दिसतं, त्यामुळं आज काढलेला एक्स-रे चांगला आला तरी तीन आठवड्यांनी पुन्हा काढा. आत्ता सोनोग्राफी जास्त उपयोगी. अस्थिरोगतज्ज्ञ इंडोमेथॅसिनसारखी गोळी द्यायची का ते ठरवतील. तयार झालेलं हाड काढायची घाई कुणी करू नये. ते पक्कं व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, त्याआधी काढलं तर पुन्हा येतं, आणि पुष्कळदा आपोआप विरघळून लहानही होतं.

पुढच्या वेळी असा मार बसला तर लगेच गुडघा सोसेल तितका, शक्यतो १२० अंशांपर्यंत, वाकवून पट्ट्यानं बांधा आणि वरून बर्फ द्या. पहिले २४ तास तसाच ठेवा. मग हळूहळू मोकळा करून तो स्वतःच्या ताकदीनं वाकवायचा, दुसऱ्यानं दाबून नाही. दोन दिवसांनी गुडघा ४५ अंशही वाकत नसेल तर मार जबर आहे. पहिल्या काही तासांत मांडी तट्ट फुगली, गोळीनंही वेदना थांबेना, गुडघा नुसता हलवला तरी किंचाळायला झालं, तर थेट रुग्णालय गाठा. स्नायूच्या कप्प्यात दाब वाढला तर काही तासांत स्नायू मरतो.

मुलांच्या कोपराला हाच नियम आणखी कडक लागू आहे. कोपर निखळल्यावर किंवा मोडल्यावर चोळलेले हात कायमचे आखडलेले दिसतात.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा. तापात रक्त तपासलं तर एसजीओटी, एसजीपीटी खूप वाढलेले. कावीळ नाही. दोन महिने लिव्हरचं टॉनिक चालू आहे, आकडे उतरत नाहीत. तो जिना चढताना कठडा धरतो, जरा उशिराच चालायला लागला. पोटऱ्या चांगल्या भरलेल्या आहेत. – आई, हडपसर

उत्तर : ताई, तुम्ही जिना आणि पोटऱ्या यांबद्दल लिहिलंत हे फार बरं केलंत. या आठवड्यातच सीपीके ही स्नायूंतलं एन्झाइम मोजणारी एक साधी रक्ततपासणी करून घ्या.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम्स फक्त यकृतात नसतात, स्नायूंतही असतात. यकृताचं दुसरं एन्झाइम, जीजीटी, नॉर्मल असेल आणि सीपीके हजारांत असेल, तर दोष यकृतात नसून स्नायूत आहे. मग टॉनिक आणि यकृताची बायोप्सी या दोन्हींचं काम नाही. घरी एक बघा. त्याला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि उठायला सांगा. तो आधी ओणवा होऊन हात जमिनीवर आणि मग गुडघ्या-मांड्यांवर टेकवत अंगावर चढल्यासारखा उठतो का? याला गॉवर्सचं चिन्ह म्हणतात. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा.

या वयात मुलग्याला हे सगळं एकत्र दिसलं तर ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी तपासावीच लागते. डिस्ट्रॉफीत स्नायूंतलं एक प्रथिन जन्मापासून घडत नाही. ड्युशेनमध्ये ते डिस्ट्रोफिन, आणि त्याची ७९ तुकड्यांची जनुक एक्स गुणसूत्रावर असते. एमएलपीए ही रक्ताची तपासणी त्यातले गळालेले किंवा दुबार झालेले तुकडे शोधते. ती निर्दोष आली तरी शंका मिटत नाही, पुढं जनुकाचं पूर्ण वाचन करतात. मायोसायटिस म्हणजे स्नायूंचा दाह आणि मायस्थेनिया म्हणजे नस व स्नायू यांच्या सांध्यावरचा बिघाड, हे वेगळे आजार. त्यांवरचे उपचारही वेगळे, म्हणून नाव नेमकं हवं.

निदान पक्कं झालं तर लवकर कळल्याचा फायदा खरा आहे. स्टेरॉइडनं मुलं जास्त वर्षं चालतात. प्रेडनिसोलोन रोज किलोमागं ०.७५ मिलिग्रॅम किंवा डेफ्लाझाकोर्ट ०.९ मिलिग्रॅम, हे बालमज्जासंस्थातज्ज्ञांनीच सुरू करायचं. राहिलेल्या लसी त्याआधी उरकून घ्या. एकदा सुरू झालं की ते अचानक बंद करायचं नाही. टाचेच्या कंडरेचा हलका ताण रोज, रात्री पावलाचे स्प्लिंट आणि हृदयाची इको दर वर्षी. भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा, सक्सामेथोनियम हे औषध या मुलांना देत नाहीत. तुमची स्वतःची तपासणीही होईल. सुमारे एक तृतीयांश मुलांत दोष आईकडून न येता नव्यानं घडलेला असतो. तुमच्यामुळं झालं असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

प्रश्न : वय ६७. रात्री पोटरीत वांब येतात. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, ती बंद करू का? मॅग्नेशियम घेऊ का? – काका, औंध

उत्तर : काका, गोळी मनानं बंद करू नका. रात्री अचानक एका पोटरीत येणारा गोळा आणि स्टॅटिनमुळं, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीमुळं, होणारं दुखणं सहसा वेगळं असतं. स्टॅटिनचं दुखणं दोन्ही बाजूंना, मांड्या, कुल्ले आणि खांद्यांत, दिवसभर राहतं, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत येतं. तसं असेल तर सीपीके, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासा. सीपीके मर्यादेच्या दहापटींहून वर गेलं तर डॉक्टर गोळी थांबवतात. त्याहून कमी असेल तर डोस किंवा औषध बदलून पाहतात.

वांब आला की गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं स्वतःकडं ओढा. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण ३० सेकंद, तीनदा, असं सहा आठवडे करा. लघवीची गोळी चालू असेल तर सोडियम आणि पोटॅशियम बघून घ्या. वयस्कांच्या रात्रीच्या वांबांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग दिसलेला नाही. क्विनाइन कुणी सुचवलं तर घेऊ नका, प्लेटलेट्स आणि हृदयाची लय दोन्ही बिघडू शकतात. पोटरी चालतानाच दुखत असेल आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत थांबत असेल, तर तो वांब नाही, पायाच्या रक्तवाहिन्या तपासा.

सर्दी-खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन लिहून मिळालं तर औषध दुकानात स्टॅटिनचं नाव सांगा. ॲटोरव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन त्याच्यासोबत अंगात साठतात. आणि अंग फार दुखत असताना लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर स्नायू विरघळून मूत्रपिंडात अडकतोय असं समजून त्याच दिवशी रुग्णालयात जा. जिमच्या पहिल्या आठवड्यात दोनशे उठाबशा काढलेल्या तरुणांनाही हेच लागू आहे.